केवळ स्वस्त पेट्रोलसाठी गोव्याची फेरी परवडते का?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण सावंतवाडीजवळ राहता. आपली छोटी पेट्रोल मोटार आहे, टाकी ३७ लिटरची आहे, ॲव्हरेज लिटरला १६ किलोमीटर पडते आणि महिन्याला साधारण ९०० किलोमीटर गाडी चालते. पत्रादेवीचा नाका ओलांडल्यावर आपल्या मनात असलेला पंप घरापासून २२ किलोमीटरवर आहे. आपल्याकडे पेट्रोल १०५ रुपयांच्या आसपास आणि तिकडे ९७ च्या आसपास, म्हणजे लिटरमागे आठ रुपयांचा फरक पडतो. आपले शेजारी दर पंधरा दिवसांनी मुद्दाम जाऊन टाकी फुल्ल करून आणतात. आपणही तसे करावे का, आणि जातोच आहोत तर २० लिटरचा कॅनही भरून आणावा का, असे आपण विचारले आहे. आईला दर महिन्याला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात तपासणीसाठी न्यावे लागते आणि महिन्यातून एखादा शुक्रवार म्हापशाच्या बाजाराला जाणे होते, हे आपण शेवटी सहज लिहून गेलात. माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे.

मी गेली २२ वर्षे याच पट्ट्यात माल व प्रवासी वाहतुकीच्या गाड्या चालवतो आहे. आज माझ्याकडे डिझेलच्या चार पिकअप आणि पेट्रोलच्या दोन व्हॅन आहेत. प्रत्येक गाडीसाठी एक वही आहे आणि प्रत्येक भरणीची नोंद तीत होते: तारीख, पंप, लिटर, दर, किलोमीटरचे रीडिंग, आणि त्या दिवशी गाडी कोणत्या कामासाठी बाहेर पडली होती ते. पुढे जे लिहितो आहे ते मुख्यतः या वह्यांच्या आधारावर आहे. दर रोज सकाळी सहा वाजता बदलू शकतात, त्यामुळे माझे आकडे उदाहरणादाखल घ्यावेत आणि त्या जागी आपल्या दिवसाचे दर घालून गणित पुन्हा करावे.

बहुतेक जण हा हिशोब असा करतात: ३० लिटर भरले, लिटरमागे आठ रुपये वाचले, म्हणजे २४० रुपये वाचले. जाऊन-येऊन ४४ किलोमीटर झाले, त्याला पावणेतीन लिटर पेट्रोल लागले, ते गोव्याच्या दराने २६७ रुपयांचे. म्हणजे २७ रुपयांचे नुकसान, आणि ते तसे किरकोळच. या हिशोबात एक चूक लपलेली आहे आणि ती मी स्वतः अनेक वर्षे करत होतो. भरलेल्या ३० लिटरपैकी पावणेतीन लिटर त्या फेरीतच जळले. ही फेरी केली नसती तर ते पेट्रोल आपल्याला विकत घ्यावेच लागले नसते, मग त्यावर आठ रुपये वाचले असे कसे म्हणता येईल? आपल्या नित्याच्या उपयोगाला आले ते सव्वासत्तावीस लिटर. तेवढे पेट्रोल घराजवळच्या पंपावर १०५ च्या दराने २,८६१ रुपयांना मिळाले असते. गोव्यात आपण ३० लिटरचे २,९१० रुपये मोजले. म्हणजे खरे नुकसान ४९ रुपयांचे आहे, आणि त्यात अजून टायर, ऑइल आणि वेळ धरलेला नाही.

यावरून एक सोपा आडाखा निघतो, जो मी माझ्या चालकांनाही पाठ करायला लावला आहे. दरातल्या फरकाला घरच्या दराने भागावे. आठ भागिले १०५, म्हणजे साधारण तेरावा हिस्सा. जेवढे पेट्रोल भरणार त्याच्या तेराव्या हिश्श्याहून जास्त पेट्रोल त्या फेरीत जळणार असेल, तर फेरी तोट्याची. ३० लिटरचा तेरावा हिस्सा म्हणजे सुमारे २.३ लिटर. आपल्या ॲव्हरेजने त्यात जाऊन-येऊन साडेछत्तीस किलोमीटर होतात, म्हणजे एका बाजूने जेमतेम १८ किलोमीटर. आपला पंप २२ किलोमीटरवर आहे. टाकी अगदी कोरडी करून ३५ लिटर भरले तरी एका बाजूची मर्यादा २१ किलोमीटरच्या थोडीशीच पुढे सरकते, आणि टाकी कोरडी करू नये याची कारणे पुढे सांगतो.

आपले शेजारी काही अविचाराने वागत आहेत असे मला म्हणायचे नाही. त्यांची सवय ज्या काळात लागली त्या काळी ती योग्यच होती. मार्च २०१२ मध्ये गोव्यात मनोहर पर्रीकर यांचे सरकार आले आणि त्यांनी पहिल्याच अर्थसंकल्पात पेट्रोलवरचा २० टक्के व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला. तिथले पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले. त्या वेळी आपल्याकडचा दर सत्तरीच्या घरात होता. केवळ ११ रुपयांचा फरक धरला तरी तो घरच्या दराच्या सहाव्या हिश्श्याहून थोडा कमी भरतो. ३० लिटरच्या भरणीत पावणेपाच लिटर फेरीवर खर्च झाले तरी हिशोब बरोबरीत सुटत असे, म्हणजे १६ च्या ॲव्हरेजच्या गाडीला एका बाजूने ३७ किलोमीटरपर्यंत जायला हरकत नव्हती. त्या वर्षी सावंतवाडी, बांदा, दोडामार्गच नव्हे, तर कुडाळहूनही गाड्या सीमेवरच्या पंपांवर रांगा लावत. माझ्या दोन व्हॅन दर रविवारी १७ किलोमीटरवरच्या पंपावर जात आणि वहीत फायदा स्पष्ट दिसत असे.

पुढे गोव्याने कर टप्प्याटप्प्याने वाढवला आणि कधी कमीही केला, पण आपल्या बाजूचा दर बराच चढा असल्याने फरक टिकून होता. मग जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने पेट्रोल पाच रुपयांनी आणि डिझेल तीन रुपयांनी कमी केले. आपल्यासाठी ती आनंदाचीच बातमी होती, पण त्यामुळे फरकही पाच रुपयांनी घटला. माझ्या व्हॅन मात्र रविवारी जातच राहिल्या, कारण तसा शिरस्ता पडला होता. दिवाळीला वह्या बंद करताना बेरीज केली तेव्हा दिसले की वाचलेली सगळी रक्कम जाण्या-येण्याच्या पेट्रोलातच संपत होती, आणि टायर-ऑइलचा खर्च व चालकाचे दोन तास अंगावर पडत होते. पुढच्या रविवारपासून ती फेरी बंद केली. फरक किती रुपयांचा आहे याऐवजी तो दराचा कितवा हिस्सा आहे हे तेव्हापासून मी पाहतो.

हा फरक का पडतो आणि टिकेल का, हे समजून घेतले तर निर्णय सोपा होतो. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, पण पेट्रोल आणि डिझेल त्याबाहेर राहिले. केंद्राचे उत्पादन शुल्क देशभर सारखे असते आणि त्यावर प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावते. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के आणि शिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे असा कर आहे. मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा वेगळा चढा दर जुलै २०२४ पासून काढून टाकल्यावर राज्यभर हाच दर झाला. गोव्याने जून २०२४ मध्ये पेट्रोलवरचा व्हॅट २० वरून साडेएकवीस टक्के केला. आता केंद्राचे शुल्क आणि पंपचालकाचे कमिशन धरून मूळ किंमत ८० रुपये आहे असे समजू. आपल्याकडे त्यावर २० रुपये अधिक ५.१२, म्हणजे २५.१२ रुपये कर बसतो. गोव्यात १७.२० रुपये बसतो. किरकोळ उपकर आणि वाहतुकीतला फरक सोडला तर आपले आठ रुपये ते हेच.

या आठातले पाच रुपये ठरीव रकमेतून येतात आणि उरलेले जवळपास तीन टक्केवारीतल्या फरकातून. त्यामुळे कच्चे तेल थोडे चढले-उतरले म्हणून हा फरक फारसा हलत नाही. तो हलतो दोनपैकी एखाद्या सरकारने कर बदलला तर, आणि तो बदल एका रात्रीत होतो. म्हणून वर्तमानपत्रात दोन्ही राज्यांच्या कराची बातमी दिसली की त्या दिवशी भागाकार नव्याने करावा. एरवी तीन-चार महिन्यांतून एकदा केला तरी पुरे.

आता पेट्रोलशिवायचा खर्च. छोट्या मोटारीचे चार टायर साधारण ४० हजार किलोमीटर चालतात आणि सर्व्हिसिंग दहा हजार किलोमीटरला येते. माझ्या वह्यांत टायर, ऑइल, ब्रेकचे लायनर आणि बारीकसारीक कामे मिळून छोट्या गाडीला किलोमीटरमागे एक रुपया पडतो. गाडीची किंमत घटते ती मी यात धरलेली नाही. आपल्या गाडीचा किलोमीटरचा पेट्रोल-खर्च साडेसहा रुपयांच्या थोडा वर आहे, तो या रुपयासह साडेसात होतो. मग ३० लिटरच्या भरणीत हिशोब बरोबरीत सुटायचे अंतर एका बाजूने १६ किलोमीटरवर येते. आपल्या २२ किलोमीटरच्या फेरीत तोटा ४९ ऐवजी ९३ रुपये होतो. वाटेत टोल असेल तर तोही मिळवावा. वेळेचे मोल प्रत्येकाने आपले ठरवावे. माझ्याकडे चालकाला पगार द्यावा लागतो, म्हणून मला ते सोडता येत नाही. रविवारी संध्याकाळी कुटुंबाला घेऊन फिरायला जाण्याचा आनंद आपल्याला हवा असेल तर जरूर जावे, फक्त त्या खर्चाची नोंद फिरण्याच्या खात्यावर करावी.

हेच गणित वाहनागणिक बदलते. स्कूटरच्या टाकीत जेमतेम पाच लिटर बसतात आणि पाच लिटरवर वाचतात ४० रुपये. लिटरला ४५ किलोमीटर धावणारी स्कूटर धरली आणि टायर-ऑइलचे किलोमीटरमागे पन्नास पैसे धरले, तर एका बाजूने सात किलोमीटरपलीकडे जाण्यात अर्थ राहत नाही. दोडामार्गातल्या माणसाची गोष्ट वेगळी, त्याच्या दारातच सीमा आहे. डिझेलमध्ये आपल्या आणि गोव्याच्या दरात पेट्रोलइतकी तफावत नसते. फरक तीन रुपये आणि घरचा दर ९२ धरला तर तो तिसावा हिस्सा होतो. माझी पिकअप ५० लिटर भरते आणि लिटरला १२ किलोमीटर जाते, म्हणजे १.६ लिटरमध्ये जाऊन-येऊन २० किलोमीटरही होत नाहीत. म्हणून माझ्या पिकअप डिझेलसाठी कधीही मुद्दाम सीमेपलीकडे जात नाहीत. मडगावला किंवा वास्कोला माल टाकून परतताना मात्र नाक्याच्या अलीकडच्या, गोव्याच्या बाजूच्या पंपावर न चुकता भरतात.

महाराष्ट्राच्या इतर सीमांवरून कोणी हे वाचत असेल तर त्यांनी आमच्याकडचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. तलासरी-डहाणूकडून गुजरात किंवा दमण-सिल्व्हासाला जाणाऱ्यांना पेट्रोलमध्ये गेल्या काही वर्षांत आमच्यापेक्षाही जास्त फरक मिळत आला आहे, पण डिझेलमध्ये तो फारसा नसतो. कागल-निपाणीकडे उलट घडले. कर्नाटकाने जून २०२४ मध्ये पेट्रोल आणि डिझेल दोन्ही सुमारे तीन-साडेतीन रुपयांनी वाढवले आणि १ एप्रिल २०२५ पासून डिझेल आणखी दोन रुपयांनी वाढवले, त्यामुळे पुणे-बंगळूर मार्गावरचे जे ट्रकवाले पूर्वी निपाणीची वाट पाहत ते आता दोन्हीकडचे फलक वाचून ठरवतात. देगलूर-धर्माबादच्या पलीकडे तेलंगणात तर इंधन आपल्याहून महाग असते.

आता आपल्या शेवटच्या वाक्याकडे येतो. बांबोळीला आईच्या तपासणीसाठी आपल्याला जायचेच आहे. त्या प्रवासाचे पेट्रोल तपासणीच्या खात्यावर पडते. टाकी भरण्यासाठी वेगळा एक किलोमीटरही होत नाही. परतताना नाक्याच्या अलीकडे, गोव्याच्या बाजूला थांबून ३० लिटर भरले की २४० रुपये पूर्णच्या पूर्ण वाचतात. म्हापशाच्या शुक्रवारी हेच पुन्हा केले तर आपले महिन्याचे ५६ लिटर जवळपास सगळेच गोव्याच्या दराने पडते आणि महिन्याला साडेचारशे रुपयांच्या आसपास शिल्लक राहते. शेजाऱ्यांप्रमाणे पंधरवड्याला एक अशा दोन खास फेऱ्या केल्या तर उलट महिन्याला १८५ रुपयांच्या आसपास खिशातून जातात. गाडी तीच, पंप तोच आणि दरही तेच. फरक एवढाच की एकदा कामासाठी बाहेर पडलो होतो आणि एकदा पेट्रोलसाठी.

यासाठी थोडे नियोजन लागते. तपासणीची तारीख आठवडाभर आधी माहीत असते. त्या आठवड्यात घराजवळच्या पंपावर टाकी फुल्ल करू नये, गरजेपुरते पाचशे रुपयांचे टाकावे. निघताना टाकीत पावपेक्षा थोडे जास्त पेट्रोल असावे. बांबोळीला जाऊन परत नाक्यापर्यंत येण्याला साडेसात-आठ लिटर लागतात आणि ३७ लिटरच्या टाकीचा पाव भाग सव्वानऊ लिटर होतो. काटा त्याखाली असेल तर जाताना पलीकडच्या पहिल्याच पंपावर पाच लिटर टाकून घ्यावे. मोठी भरणी मात्र परतताना करावी, म्हणजे स्वस्त पेट्रोलची भरलेली टाकी घेऊनच आपण घरी येतो.

जास्तीत जास्त भरता यावे म्हणून टाकी तळाला नेऊन दिवा लागलेल्या गाडीने निघण्याची पद्धत मी अनेकांमध्ये पाहतो. ती सोडावी. आजच्या मोटारींत इंधनाचा पंप टाकीच्या आत असतो आणि भोवतालच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो; वारंवार तळाशी चालवल्याने त्याचे आयुष्य घटते, आणि तो बदलायचा खर्च आठ-आठ रुपयांनी भरून यायला बराच काळ लागेल. दुसरे कारण आपल्या भागाचे आहे. जुलैत तेरेखोलचे पाणी बांद्याच्या बाजारात चढले, एखादे झाड आडवे झाले किंवा इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर रांग लागली, की तासभर गाडी जागच्या जागी उभी राहते. आजारी आई गाडीत असताना त्या वेळी दिवा लुकलुकत असणे कोणालाही नको.

पंपावर उभे असताना नोझल पहिल्यांदा ‘कट’ झाले की थांबावे. मुलगा गाडी हलवून, नोझल अर्धे बाहेर काढून रक्कम पूर्ण होईपर्यंत आणखी लिटर-दीड लिटर घालायला तयार असतो, आणि स्वस्त मिळते आहे म्हणून आपणही मान डोलावतो. टाकीच्या वरच्या भागातली मोकळी जागा पेट्रोल तापून फुगते त्यासाठी ठेवलेली असते आणि वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा तिथूनच जोडलेला असतो. त्यात द्रव पेट्रोल शिरले की तो निकामी होतो. शिवाय दर वेळी वेगवेगळ्या पातळीला टाकी भरली तर टाकी-ते-टाकी काढलेले ॲव्हरेजही खोटे येते, आणि वरचे सगळे गणित त्या ॲव्हरेजवरच उभे आहे. आपले १६ हे ॲव्हरेज कंपनीच्या पुस्तकातले असेल तर ते बाजूला ठेवावे. पहिल्या ‘कट’ला टाकी भरावी, रीडिंग लिहावे, पुढच्या भरणीला पुन्हा पहिल्या ‘कट’ला थांबावे आणि मधल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागावे, असे तीनदा करून सरासरी काढावी.

मापाबद्दलही लोक शंका घेतात की सीमेवरच्या पंपांवर माप कमी देतात. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप असते आणि ते मागून तपासण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतची कमी-जास्ती मान्य असते, म्हणजे अर्धा टक्का. आपला दरातला फरक साडेसात टक्क्यांचा आहे, तेव्हा मान्य मर्यादेतल्या कमीने तो बुडत नाही. मी स्वतः दोनदा माप मागितले आहे आणि दोन्ही वेळा ते बरोबर निघाले. यंत्रावर शून्य आल्याशिवाय भरू द्यायचे नाही, एवढे मात्र मी प्रत्येक वेळी पाहतो.

कॅनबद्दल माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. गाडीच्या स्वतःच्या टाकीतून पेट्रोल राज्याची सीमा ओलांडून आणायला कोणतीही आडकाठी नाही आणि त्यावर वेगळा कर भरावा लागत नाही. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याशिवाय बाळगण्याची सवलत आहे, हेही खरे. पण त्याच कायद्यात ते कसल्या भांड्यात असावे याच्या अटी आहेत आणि तेलाचा रिकामा प्लॅस्टिक कॅन त्यांत बसत नाही. आणलेले पेट्रोल शेजाऱ्यापाजाऱ्याला विकले तर तो जीवनावश्यक वस्तू कायद्याखालील गुन्हा ठरू शकतो.

कायद्यापेक्षाही मला धास्ती वाटते ती वाफेची. पेट्रोलची पेटण्याजोगी वाफ व्हायला उष्णता लागतच नाही म्हटले तरी चालेल. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही ती ठिणगीने पेटू शकते. ती हवेपेक्षा जड असते, म्हणून डिकीच्या तळाशी आणि सीटखाली साचून राहते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्या एका चालकाने मला न सांगता व्हॅनमध्ये १० लिटरचा कॅन ठेवला होता. दुपारच्या उन्हात कॅन फुगला, झाकणाच्या कडेने पेट्रोल पाझरू लागले आणि मागच्या सीटवर बसलेल्या प्रवाशांच्या लहान मुलीला उलट्या सुरू झाल्या. चालकाने गाडी बाजूला घेऊन सगळी दारे उघडली, कॅन उचलून लांब शेताच्या बांधावर नेऊन ठेवला आणि मला फोन केला. मी पोहोचलो तेव्हा ते कुटुंब रस्त्याकडेच्या काजूखाली बसले होते आणि रबरी मॅटवर पेट्रोलचा ओला डाग अजून दिसत होता. त्या दहा लिटरवर वाचले असते ८० रुपये. त्या दिवसापासून माझ्या कोणत्याही गाडीत कॅन ठेवणे बंद आहे आणि कामावर घेताना हे मी प्रत्येक चालकाला पहिल्याच दिवशी सांगतो.

घरी साठवून ठेवण्यातही लाभ नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेते. आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये ते महिना-दीड महिना राहिले आणि पुरेसे पाणी शोषले गेले, तर पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाला बसतात, आणि तेच गाडीत ओतले की इंजिन धडपणे चालू होत नाही.

तेव्हा आत्ताच्या दरांना आपल्यासाठी खास फेरी नको, कॅन नको, आणि बांबोळी व म्हापशाच्या दिवशी परतताना भरणी जरूर करावी. पंप १० किलोमीटरच्या आत असता तर मी खास फेरीलाही हो म्हटले असते, कारण तिथे ३० लिटरवर ८०-९० रुपये खरोखर हातात उरतात. फरक पुन्हा १२-१३ रुपयांवर गेला तर २२ किलोमीटरचाही विचार नव्याने करता येईल. त्या वेळी तो आठव्या हिश्श्याच्या जवळ येतो आणि टायर-ऑइल धरूनही ३० लिटरमागे २७ ते ५७ रुपये सुटतात.

पुढचे तीन महिने एक छोटी वही गाडीच्या कप्प्यात ठेवावी. प्रत्येक भरणीला तारीख, पंप, लिटर, दर आणि रीडिंग लिहावे, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी गाडी कशासाठी निघाली होती ते एका शब्दात लिहावे: तपासणी, बाजार, ऑफिस किंवा पेट्रोल. तीन महिन्यांनी ज्या ओळींत ‘पेट्रोल’ लिहिलेले असेल त्यांची बेरीज वेगळी काढावी. आपल्या शेजाऱ्यांनीही तशी वही ठेवली तर दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहता येतील. ते आकडे मला कळवले तर आपल्या गाडीसाठी नेमके किती किलोमीटरपर्यंत जाणे परवडते ते मी मांडून देईन.